पावली कम

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींना मोठ्या रकमांचा भारी सोस. सुरतेच्या लुटीत किती आलं, राज्याभिषेकाला किती होन लागले, अमक्या तहात खंडणी किती ठरली, यावर ते एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडतील. पण त्याच काळात एखाद्या पोरानं आठवड्याच्या बाजारात कनवटीची एक शिवराई मोडून काय खाल्लं आणि खाल्ल्यावर त्याला कसं वाटलं, हे विचारायला जावं तर बखरीचं पान कोरं.

माझा धंदा बँकेतल्या कारकुनाचा. वीसेक वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे आणि माझा अनुभव असा, की मोठी रक्कम हाताळणाऱ्या माणसाच्या तोंडावर हसू म्हणून दिसत नाही. दहा लाखांची ठेव ठेवणारा गृहस्थ पावती हातात पडल्यावर "वा!" म्हणाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तो फक्त "टीडीएस किती कापणार?" एवढंच विचारतो आणि आम्हीच ते दहा लाख लंपास करणार असल्यासारखा बघतो. "वा!" म्हणतो तो पाचशेची नोट देऊन सुट्टे मागणारा. त्याला दहादहाच्या कोऱ्या नोटांचं पुडकं आणि वर नाण्यांची पिशवी दिली, की लग्नात आहेर मिळाल्यासारखा तो घरी जातो. म्हणून म्हटलं, मोठ्या रकमांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. चिल्लरीचा आपण लिहू. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढा अधिकार असायला हरकत नाही.

शीर्षकाचा खुलासा आधी करतो, कारण तरुण वाचकांना तो लागेल. रुपयाचे आणे सोळा. त्यातल्या दोन आण्यांची चवली, चारांची पावली, आठांची अधेली. एखाद्याच्या डोक्यात सोळांपैकी बाराच आणे भरले असले, तर त्याला "पावली कम" म्हणायची आपल्याकडे पद्धत. आता गंमत बघा. २०११ साली सरकारनं पावली बंद केली. म्हणजे त्या दिवसापासून आपण सगळेच अधिकृतपणे पावली कम.

पण इतक्या अलीकडं एकदम यायला नको. सुरुवात कवडीपासून करावी लागेल. "कवडीमोल", "फुटकी कवडी देणार नाही" हे आपण उठताबसता म्हणतो, पण ही कवडी खरोखरीचं नाणं होती हे विसरून जातो. ती मालदीव बेटांवरून गलबतांतून यायची आणि पूर्वेकडे, विशेषतः बंगालात, बाजारहाटाला चालायची. तिकडं सिल्हेट नावाचा जिल्हा आहे. आज तो बांगलादेशात येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीला तिथं रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा कलेक्टर होता. त्या जिल्ह्याचा सारा वर्षाला अडीच लाख रुपये, आणि तो सगळाच्या सगळा कवड्यांत वसूल व्हायचा. हिशेब असा: चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक कहाण आणि चार कहाणांचा एक रुपया. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या. आता अडीच लाखाला गुणा. मी गुणून पाहिलं आहे. एकशे अठ्ठावीस कोटी कवड्या! त्या होड्या भरभरून डाक्क्याला पाठवायच्या. तिथल्या कॅशियरची संध्याकाळी कॅश टॅली कशी होत असेल, या विचारानं मला एकदा रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे वीस रुपये कमी पडले तर आठ वाजेपर्यंत घरी जाता येत नाही.

पण याच कवडीची दुसरी बाजू बघा. रुपयाचे ५१२० तुकडे पाडता येत होते, याचा अर्थ रुपयाचा पाच हजारावा हिस्सा ज्याच्याजवळ आहे त्यालाही बाजारात काहीतरी मिळत होतं. चार पानं, चिमूटभर मीठ, एखादं लिंबू. दरिद्री माणूससुद्धा बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहू शकत होता. आता चार फुटाणे मागून बघा. दुकानदार तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळील.

आपल्याकडे हे काम शिवराईनं केलं. १६७४ साली महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सोन्याचे होन पडले, तांब्याच्या शिवराया पडल्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". सोन्याचा होन आता इतका दुर्मीळ, की तो बघायलाही वशिला लागतो. शिवराई मात्र नांगराच्या फाळाला लागते, नदीच्या वाळूत सापडते, तांबटाच्या मोडीत निघते. टाकसाळी पुष्कळ आणि ठसे कोरणारे कारागीर त्याहून पुष्कळ, त्यामुळं अक्षरांचे नमुने अनंत. कुठं वेलांटी उलटी, कुठं अक्षर गायब. शुद्धलेखनावरून शिवराई कुणी नाकारल्याचं मात्र ऐकिवात नाही. इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत होती. माझ्या मते होन हा राज्याचा मान आणि शिवराई हा रयतेचा आनंद. होन पाहून माणूस मुजरा करी, शिवराई पाहून पोर नाचे.

मधल्या काळातला रुपयांचा गोंधळ मी थोडक्यात आटोपतो. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, अशी गावोगावची नाणी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ तो वाजवून बघणार, नाक मुरडणार आणि बट्टा कापणार. यात आनंद झालाच असेल तर तो सराफाला. १८३५ साली कंपनीनं कायदा करून सगळीकडे एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर तोळाभर. त्यामुळं रुपया हे नाणंही झालं आणि वजनही. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात रुपया आणि दुसऱ्यात केशर किंवा अफू. पुढं राणीचा मुखडा आला आणि "राणीछाप" हा शब्द मराठीला मिळाला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजही घरोघरी ही बाई चौरंगावर विराजमान असते. ज्यांनी "चले जाव" म्हणून तुरुंग भोगला, त्यांच्याही चौरंगावर असते. चांदीला राजकारण नसतं.

रुपयाच्या खाली मग सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आपली निम्मी भाषा या कोष्टकातून आली आहे. गोष्ट सोळा आणे खरी असते, हिशेब पै-पैचा असतो आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो. चिल्लरीनं मराठीला जेवढे वाक्प्रचार दिले तेवढे संतांच्या खालोखाल दुसऱ्या कुणी दिले नसतील. मोठ्या नोटांनी काय दिलं? दोन हजारांची नोट २०१६ ला आली, २०२३ ला परत बोलावली, आणि जाताना एक साधी म्हणसुद्धा मागे ठेवून गेली नाही.

या नाण्यांचं आणखी एक सुख होतं, ते बोटांचं. १९०७ च्या सुमाराला निकल मिसळलेला कंगोऱ्यांचा आणा आला. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला तेव्हा १९१८ साली चवली चौकोनी झाली. खिशात हात घालावा आणि न बघता ओळखावं, हा आणा, ही चवली, हा ढब्बू. अंधारात, गर्दीत, जत्रेत चुकायची सोय नाही. आजच्या एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांनी मात्र माणसाला भर दुपारी चष्मा लावायची वेळ आणली आहे. त्याच महायुद्धात, ३० नोव्हेंबर १९१७ ला, एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि तिच्या मागोमाग दोन रुपये आठ आण्यांची. होय, अडीच रुपयांची नोट! ज्या कुणा साहेबाच्या डोक्यातून ही निघाली त्याच्याबद्दल मला आदर आहे. पाच रुपये दोघा भावांत वाटून देण्याची इतकी सोय नंतर कुठल्याच सरकारनं केली नाही. खर्च परवडेना म्हणून १ जानेवारी १९२६ पासून या दोन्ही नोटा काढणं बंद झालं.

दुसऱ्या महायुद्धात तर चिल्लर इतकी गडप झाली, की गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा १९४० साली गुन्हा ठरला. आमच्या आजीच्या मातीच्या गल्ल्यात तेव्हा साडेतीन रुपयांचे आणे-पैसे होते. पुढं कितीतरी वर्षं ती, आपण त्या वेळी पोलिसांच्या हातून कशा थोडक्यात वाचलो, हे सांगत असे. १९४३ साली तांबं वाचवायला पैशाला मधोमध भोक पाडलं. सरकारला वाटलं, आपण धातू वाचवला. लोकांना वाटलं, सरकारनं दोरा ओवायची सोय केली. आजी सांगायची, की भोकाचे पैसे करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधत, आणि पोर दुडदुडू लागलं की ते खुळखुळत. पंपाच्या नटाखाली वायसर म्हणूनही ते बसायचे. बाजारातल्या वायसरपेक्षा स्वस्त पडायचे. सरकारी तिजोरीतून निघालेली वस्तू लोकांच्या हातात पडली, की तिचं काय होईल याचा अंदाज कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसतो. निदान आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या पंधरा ऑगस्टला राजाच्या डोक्याच्या जागी सारनाथचे सिंह आले, पैशावर घोडा आला, आण्यावर बैल. आणि सात वर्षांत खरी क्रांती झाली. १ एप्रिल १९५७. रुपयाचे शंभर नये पैसे. तारीख कुणी निवडली कोण जाणे, पण आमच्या आजोबांनी तिच्यातला संकेत शेवटपर्यंत सोडला नाही.

आजोबा मामलेदार कचेरीत कारकून. त्यांच्या पिढीनं शाळेत नुसते पाढे पाठ केले नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, असा तो सगळा अपूर्णांकांचा गोतावळा छड्या खाऊन पाठ केला होता. सतरा पाऊणे किती, हे ते झोपेतही सांगत. आणि एका सकाळी सरकारनं जाहीर केलं, की यातलं काही लागणार नाही, दहानं गुणा आणि दशांश चिन्ह सरकवा. त्या दिवशी देशातल्या लक्षावधी शाळकरी पोरांना जो आनंद झाला असेल, त्याची नोंद अर्थातच इतिहासात नाही. आजोबांच्या दुःखाची नोंद मात्र आमच्या घराण्यात आहे.

कारण एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहाचं नाणं नाही. सरकारनं कोष्टक काढलं: एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. आजोबांच्या हॉटेलवाल्यानं स्वतःचं कोष्टक काढलं: आण्याचा चहा आता सात नये पैसे. आजोबांनी तिथंच बाकावर बसून हिशेब केला. कपामागं पाऊण नया पैसा जादा. दिवसाला दोन कप, वर्षाचे ७३०. आणि मग त्यांनी सरकारनं रद्द केलेली पाऊणकी विजयी मुद्रेनं बाहेर काढली. पाच रुपये साडेसत्तेचाळीस नये पैसे! "एवढ्यात धोतरजोडी येते," असं ते म्हणाले आणि त्यांनी चहा सोडला नाही. पण पुढं रोज तो चहा पिताना, आपण लुटले जात आहोत हे पैशाच्या अपूर्णांकापर्यंत ठाऊक असल्याचं एक वेगळंच समाधान त्यांना मिळू लागलं. हिशेबी माणसाचा आनंद हा असाच असतो. मी तो रोज सहा काउंटरांवर बघतो.

कचेरीत मात्र आणे मेले नाहीत. पिकाचा अंदाज आण्यांत धरायची पद्धत होती. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं. ती आणेवारी. तिची पुढं पैसेवारी झाली, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरलं जाई. पैसेवारी अजूनही जाहीर होते. म्हणजे बघा, ज्या पन्नास पैशांना आज कोपऱ्यावरचा टपरीवाला हात लावत नाही, त्यांच्या अलीकडं की पलीकडं यावर शेतकऱ्याचं वर्ष तोललं जात होतं. चिल्लर हा नेहमीच चिल्लर विषय असतो असं नाही.

१९६४ साली "नये" गेलं आणि नुसते पैसे उरले. त्याच सुमाराला ॲल्युमिनियम आलं. षट्कोनी तीन पैसे निघाले, मग एक पैसाही ॲल्युमिनियमचा झाला. तो इतका हलका, की पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगायचा. हा प्रयोग आम्ही लहानपणी घंघाळात करत असू. तेव्हा एक पैशाला काही मिळत नव्हतं, तरी तो तरंगायचा तेवढा तरंगायचाच. १९६८ ला कमळाचे पितळी वीस पैसे निघाले. त्यात सोनं आहे अशी आवई आमच्या गल्लीत होती. त्यामुळं ते व्यवहारात कुणी दिले नाहीत आणि आमच्या देव्हाऱ्यात त्यातलं एक नाणं अजून लक्ष्मीच्या पायाशी आहे. १९८८ ला पोलादाची नाणी आली. पंचवीस पैशांवर गेंडा. आमच्या पिढीची पावली म्हणजे हा गेंडा. त्याच्यात बोरं, चिंच, मिठाच्या पाण्यातला आवळा, यांतलं एक काहीतरी नक्की यायचं. दोन गेंडे असले तर माणूस श्रीमंत.

आणि ते यायचे कुठून? पाहुण्यांकडून. आपल्या पै-पाहुण्यातली "पै" हीच असावी अशी माझी आपली एक व्युत्पत्ती आहे. भाषाशास्त्रज्ञांनी ती मान्य करायची गरज नाही. पाहुणे निघाले की आत्या किंवा मावशी उंबऱ्यात थबकणार, कमरेची पिशवी सोडणार आणि पोराच्या मुठीत नाणं कोंबणार. "खाऊला घे हो." पोरानं "नको नको" म्हणायचं, पण मूठ उघडायची नाही. आईनं "अहो, कशाला, सवय लागते," म्हणायचं, पण फार मोठ्यानं नाही. हा सगळा करार अलिखित. या रकमेची परतफेड नव्हती, व्याज नव्हतं, आणि ती कुणी लक्षातही ठेवत नसे. आता पाकिटात घालून पाचशे देतात, आणि पाहुणे गेल्यावर आई ते "सांभाळून ठेवायला" घेते. पाचशे रुपये सांभाळून ठेवावे लागतात. पावली खर्च करता येते. लहान नाणं बंद झालं तेव्हा महागाईचं काय व्हायचं ते झालं असेल, पण कुणाच्या डोक्यावर ओझं न ठेवता काही देण्याची जी एक रक्कम होती, ती बाजारातून उठली. तिला अजून दुसरं नाणं सापडलेलं नाही.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चालणार नाहीत असं ठरलं. बदलून घ्यायची मुदत २९ जूनपर्यंत. मी तेव्हा सांगलीकडच्या एका गावातल्या शाखेत होतो. आमच्याकडे लहान नाण्यांचा डेपो होता, त्यामुळं पंचक्रोशीतली चिल्लर आमच्याच काउंटरवर. महिनाभर शाखेत नुसता खणखणाट. पेन्शनर आले, पुजारी आले, पानपट्टीवाले आले, पोरांचे फोडलेले गल्ले आले. आम्ही शंभर-शंभराच्या चळती लावत बसलो. संध्याकाळी हाताला असा वास यायचा, की सौभाग्यवती दोनदा साबण लावल्याशिवाय ताटावर बसू देत नसे.

शेवटच्या आठवड्यात एक आजी डालड्याचा डबा घेऊन आल्या. डबा काउंटरवर उपडा केला. बहुतेक सगळ्या पावल्या. आमच्या कॅशियरनं न कुरकुरता मोजल्या. सहाशे बारा. एकशे त्रेपन्न रुपये. तो नोटा काढणार एवढ्यात आजींनी चळतीतल्या बारा पावल्या आपल्याकडे ओढल्या.

"ह्या राहूं द्यात."

"आजी, तीस तारखेनंतर या चालणार नाहीत," मी म्हटलं.

"तुमाला न्हाई चालायच्या. देवाला सव्वा रुपाया लागतो का न्हाई? बारा पुनवांच्या बारा."

शाखेत एकदम शांतता पसरली. हा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सव्वा रुपया! नारळावर सव्वा रुपया, विड्यावर सव्वा रुपया, सत्यनारायणाच्या शिऱ्याला रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच्या मापानं. आपला सगळा देवधर्म पूर्णांकावर पाव चढवून उभा आहे. नुसता रुपया म्हणजे व्यवहार आणि वर पावली म्हणजे श्रद्धा. आणि सरकारनं नेमकी तीच पावली काढून घेतली होती.

"का रं बाबा," आजींनी मला विचारलं, "सरकारनं बंद केल्या, पर देवानं केल्यात का?"

मी साहेबांकडे बघितलं. आमचे साहेब नियमाचे पक्के. त्यांनी परिपत्रक मागवलं, चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "परिपत्रकात तसा उल्लेख नाही."

आजी दीडशे रुपये आणि बारा पावल्या घेऊन गेल्या. जाताना साहेबांनी, पुढच्या वर्षी काय करणार, असं विचारलं. "पुढल्या वर्साचं देव बघंल," त्या म्हणाल्या. देवानं काय बघितलं ठाऊक नाही, पण भटजींनी बघितलं. दक्षिणा अकरावर गेली, मग एकवीस, मग एक्कावन. आहेराच्या पाकिटांवर छापखान्यातूनच एक रुपयाचं नाणं चिकटवून येऊ लागलं. पावलीची जागा रुपयानं घेतली. चौपट बढती, आमच्या खात्यात एवढी कुणाला मिळाल्याचं स्मरत नाही.

पन्नास पैसे, वाचकहो, अजून कायद्यानं चालतात. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे पन्नास पैशांच्या नाण्यांत दहा रुपयांपर्यंतचं आणि रुपया किंवा त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतचं देणं भागवता येतं. मी हे भाजीवालीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोथिंबिरीची जुडी परत टोपलीत ठेवली. सुट्ट्यांच्या बदल्यात गोळ्या-चॉकलेटं द्यायची एक रीत मधल्या काळात दुकानदारांनी काढली होती. रिझर्व्ह बँकेला न विचारता काढलेलं हे एकच चलन, जे खाता येत होतं. २०१६ नंतर फोनवरून पैसे देणं सुरू झालं आणि तेही मागे पडलं. आता चहावाल्याच्या टपरीवर एक डबी ओरडून सांगते, की दहा रुपये प्राप्त झाले. सोय मोठी आहे, मीही करतो. फक्त खिशात हात घालून काही चाचपडायचं उरलं नाही.

तरी एक उद्योग सुचवतो, फुकटचा आहे. घरात कुठंतरी नाणं सापडेलच. त्याच्यावरच्या सालाच्या खाली बारकाईनं बघा. हिरकणीसारखी चौकटीची खूण असली तर नाणं मुंबईच्या टाकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. आमच्या शाखेत महिनाअखेरीची गर्दी सरली, की कॅशियर आणि मी मूठभर नाणी काढून हा जुगार खेळतो. चांदणी आली की माझा चहा, हिरकणी आली की त्याचा. ठिपक्याला शिपाई भागीदार आहे. कोलकात्याचं आलं तर साहेबांनी पाजावा असा ठराव आम्ही एकमतानं पास केला आहे. साहेबांना तो अजून कळवलेला नाही.

पावली मात्र समूळ गेली असं कुणी समजू नये. ती आमच्याकडे आहे. नाणं नाही, पण आकडा आहे. चेकवर पैशांचा आकडा असला म्हणून बँकेला तो नाकारता येत नाही. पासबुकात रुपयांच्या रकान्यापुढं टिंब आणि टिंबापुढं दोन घरं अजून छापलेली असतात. परवा एक निवृत्त गुरुजी पासबुक भरून घ्यायला आले. वय ब्याऐंशी, आवाज वर्गात बोलत असल्यासारखा. त्यांच्याकडे कुठल्यातरी जुन्या कंपनीचे थोडे शेअर्स आहेत, त्यांचा लाभांश जमा झाला होता. मशीनमधून पासबुक बाहेर आलं. गुरुजींनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं वाचलं, "एकेचाळीस रुपये आणि पावली. पावली आली हो!"

त्यांच्या मागं कानात वायर घातलेला एक तरुण उभा होता. त्यानं वायर काढली आणि विचारलं, "पावली म्हणजे काय, आजोबा?"

गुरुजी मागे वळले. पासबुक मिटून त्यांनी काखेत धरलं, घसा साफ केला आणि पावकीपासून सुरुवात केली. त्या दिवशी आमची रांग वीस मिनिटं जागची हलली नाही.